साठाचे चाळीस

पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाकडे लोक दोन प्रकारच्या शंका घेऊन येतात. एक, विश्वाच्या आरंभी काय होते. आणि दुसरी, घरातला पंखा का फिरत नाही. पहिलीचे उत्तर देणे मला नेहमीच सोपे गेले आहे. त्यात चूक निघण्याचा संभव कमी, आणि निघालीच तरी तीमुळे कोणाला घाम येत नाही. पंख्याची गोष्ट निराळी. जवळजवळ तीस वर्षे ओहमचा नियम शिकवूनही मी पंख्याखाली स्टुलावर उभा राहिलो म्हणजे घरातील मंडळी हळूच कोपऱ्यावरच्या वायरमनला निरोप धाडतात, हे मला ठाऊक आहे, व त्याबद्दल माझी तक्रारही नाही. म्हणून गेल्या आषाढात एका जुन्या विद्यार्थ्याने मला येऊन सांगितले की, "सर, लोणंदला एका कारखान्यात कम्युनिकेशन तुटतं आहे. उद्या रविवार आहे, येता का बरोबर?" तेव्हा त्याने पत्ता तर चुकविला नाही ना, अशीच मला प्रथम शंका आली.

हा विद्यार्थी वर्गात हुशार म्हणून गणला जात असे. त्याला मी जे शिफारसपत्र दिले होते त्यात ‘अचूक’ हे विशेषण दोनदा घातले होते. पुढे त्याने नोकरी सोडून स्वतःचा लहानसा व्यवसाय काढला. कारखान्यातील यंत्रांचे नियंत्रण करणारी जी उपकरणे असतात, ज्यांना पी.एल.सी. म्हणतात, ती बसवावयाची, एकमेकांशी जोडावयाची आणि ती बोलू लागली म्हणजे बिल घेऊन निघावयाचे, असा हा धंदा. परंतु लोणंदच्या त्या दूध थंड करण्याच्या कारखान्यातून त्याला निघता येईना. चार महिने सुरळीत चाललेली ओळ एकाएकी अडखळू लागली होती. तीन रात्री त्याने तेथे काढल्या होत्या. चौथ्या खेपेला त्याला माझे ज्ञान हवे होते असे मला वाटत नाही. सोबत हवी होती.

साताऱ्याहून वाठार, सालप्याचा घाट असे करीत आम्ही निघालो. घाट उतरून लोणंदच्या अंगाला लागले की हवेत कांद्याचा वास येतो, निदान मला तरी येतो. तेथील कांद्याचा बाजार मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, त्यामुळे नाकापेक्षा कानानेच तो वास येत असण्याचा संभव आहे. मध्ये एका फाटकापाशी गाडीसाठी थांबावे लागले. फाटक लागले की मला नेहमी जुन्या एकेरी लोहमार्गावरचा तो धातूचा गोळा आठवतो. आपल्याकडील कित्येक एकेरी मार्गांवर तो गोळा हाती पडल्यावाचून ड्रायव्हर पुढच्या टप्प्यात गाडी घालीत नसे. दोन स्टेशनांमधील यंत्रे अशी जखडलेली असत की एका टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. मी हे सांगू लागलो तेव्हा विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्याकडेही टोकन असतं." जर्मनीत १९८७ साली ज्या ‘प्रोफिबस’ पद्धतीच्या कामास आरंभ झाला, तीत एकाच तारेवर अनेक प्रमुख असले तर बोलण्याचा अधिकार असाच हातोहात फिरतो; ज्याच्याजवळ टोकन तो बोलणार, बाकीच्यांनी थांबावयाचे. लोणंदच्या कारखान्यात मात्र ती पद्धत नव्हती. तेथे तिच्याहून जुनी आणि साधी पद्धत होती, आणि तिची ओळख वाचकांस करून दिल्यावाचून पुढची हकिकत सांगता येणार नाही.

१९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या एका विभागाला असे वाटले की, रिले नावाच्या विजेच्या खटक्यांनी भरलेली कपाटे दर नव्या मॉडेलच्या वेळी उचकटून पुन्हा जोडण्यापेक्षा, सूचना बदलल्या की काम बदलेल असे एखादे यंत्र मिळाले तर बरे. मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड येथील काही मंडळींनी ते करून दिले, आणि त्यातून मॉडिकॉन ही कंपनी निघाली. तिच्या पहिल्या यंत्राला ०८४ म्हणत, कारण तो त्या मंडळींचा चौऱ्याऐंशीवा उद्योग होता. अशी यंत्रे पुष्कळ झाल्यावर त्यांनी एकमेकांशी बोलावे कसे, हा प्रश्न आलाच. १९७९ साली त्याच कंपनीने त्याचे एक उत्तर काढले. त्याचे नाव मॉडबस. एवढ्या काळात संगणकाच्या जगात काय काय येऊन गेले, पण मॉडबस आहे तेथे आहे. साध्या वस्तूला आयुष्य असते.

ह्या पद्धतीत एक प्रमुख असतो आणि बाकीचे सारे त्याचे ताबेदार. इंग्रजीत त्यांस ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ म्हणत. २०२० साली मॉडबसच्या संस्थेने हे शब्द टाकून ‘क्लायंट’ आणि ‘सर्व्हर’ हे शब्द घेतले. कारखान्यात मात्र अजून जुनेच शब्द चालतात. शब्द बदलणे हे कपाट बदलण्याहून कठीण आहे. प्रत्येक ताबेदाराला १ पासून २४७ पर्यंतचा एक क्रमांक देतात. प्रमुखाने क्रमांक उच्चारून प्रश्न विचारावयाचा, तो प्रश्न साऱ्यांनी ऐकावयाचा, आणि ज्याचा क्रमांक असेल त्यानेच उत्तर द्यावयाचे. दोघांना चुकून एकच क्रमांक दिला गेला तर दोघेही एकदम बोलतात आणि कोणाचेच ऐकू येत नाही. आम्ही प्राध्यापक मंडळींच्या सभेत हा प्रकार क्रमांक न देताही होतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी दोन अक्षरांचा एक ताळा जोडलेला असतो. गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहण्यासाठी आमच्या वेळी शाळेत नवाचा ताळा शिकवीत, त्याच जातीचा, पण अधिक कडक. ऐकणारा तो ताळा स्वतः करून पाहतो, आणि जुळला नाही तर ते वाक्य टाकून देऊन गप्प बसतो. आणि दोन वाक्यांच्या मध्ये निदान साडेतीन अक्षरांइतका वेळ सर्वांनी मौन पाळावयाचे. सेकंदाला १९,२०० ठोके ह्या गतीने तो वेळ सेकंदाचा सुमारे पाचशेवा भाग होतो. एवढ्याशा मौनावरून वाक्य कोठे संपले व कोठे सुरू झाले हे कळते.

मला हे ऐकताना लोणंदचाच दुसरा एक देखावा आठवला. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरेत पादुकांचे स्नान झाल्यावर सातारा जिल्ह्यात येते, आणि तिचा पहिला मुक्काम लोणंदास असतो. ह्या सोहळ्याला आजची शिस्त ज्यांनी लावून दिली ते हैबतबाबा ह्याच जिल्ह्यातील आरफळचे. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला माणूस, तेव्हा शिस्त ठाऊक असावयाचीच. दिंड्यांना क्रमांक असतात, रथाच्या पुढे कोणी व मागे कोणी हे ठरलेले असते. संध्याकाळी तळावर समाजआरतीसाठी दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकसारखे वाजत असतात; आणि चोपदाराने आपला दंड उंच केला की एका क्षणात सारे शांत होते. ज्याने ती शांतता ऐकली आहे त्याला ती विसरता येणे शक्य नाही. मग हरवले-सापडले पुकारतात. आणि ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी, बाकी सगळे गप्प असताना, आपला टाळ वाजवीतच राहते. चोपदार त्या आवाजाच्या रोखाने चालत जातो, तक्रार ऐकतो, निवाडा होतो, आणि टाळ थांबतो. मॉडबसमध्ये ताबेदाराला एवढीही सवलत नाही. विचारल्यावाचून त्याने ब्र काढावयाचा नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा पालखी तरडगावाकडे जाऊन चार-पाच दिवस झाले होते, आणि लोणंदच्या रस्त्यांवर अजून त्या गर्दीच्या खुणा होत्या.

कारखाना औद्योगिक वसाहतीत, बेताच्या आकाराचा. दूध टँकरने येते, चार अंशांपर्यंत थंड करतात आणि पुढे पाठवितात. तपमान, प्रवाह, पंपांची गती, अमोनियाच्या कॉम्प्रेसरची अवस्था, असे सगळे सांगणारी चौदा उपकरणे एका तारेवर ओवलेली होती, आणि अलीकडे पंधरावे एक आले होते. तार म्हणजे दोन बारीक वायरींचा पीळ व त्यावर जाळीचे कवच. ती एका उपकरणाहून दुसऱ्याकडे, दुसऱ्याहून तिसऱ्याकडे अशी ओळीने जावयाची. मध्ये फांद्या फोडावयाच्या नाहीत. विद्युत्‌विषयक बाजूला आर.एस. ४८५ म्हणतात, त्याचे मानक १९८३ सालचे. त्याप्रमाणे एका ओळीवर बत्तीस प्रमाणित ऐकणाऱ्यांचा भार चालतो, आणि गती कमी असेल तर ओळ बाराशे मीटरपर्यंत नेता येते. येथे ती दोनशे मीटरही नव्हती.

त्या ओळीवर पडद्यावरील आकडे अधूनमधून नाहीसे होऊन तेथे आडव्या रेघा येत. एखादे मिनिट गेले की आकडे परत. एखाद्या मिनिटाने काय बिघडते, असे मला वाटले. पण तपमानाची अखंड नोंद नसेल तर ते दूध पुढे घेत नाहीत, हे मॅनेजरांनी मला सांगितले. त्यामुळे रात्रपाळीची दोन माणसे दर पंधरा मिनिटांनी टाक्यांवर चढून हाताने तपमान लिहीत होती. पावसात ओल्या झालेल्या त्या शिडीवरून चढणे-उतरणे मी पाहिले आणि मग काही बोललो नाही.

विद्यार्थ्याने अडखळण्याच्या वेळांची यादी केली होती. ती पाहता एक गोष्ट उघड होती: मोठा कॉम्प्रेसर सुरू झाला की चुका होत, आणि चुका सगळ्या ताळा न जुळण्याच्या. हे कळल्यावर पुढचा तर्क कोणीही करील. कॉम्प्रेसरच्या मोटरची गती ज्या ड्राइव्हने बदलतात तो ड्राइव्ह फार गोंगाट करतो. कानांना ऐकू येणारा नव्हे, तारांना ऐकू येणारा. संदेशाची तार आणि कॉम्प्रेसरची जाड केबल एकाच ट्रेमधून शेजारी शेजारी जात होत्या. आणि त्याच आठवड्यात कारखान्याच्या वायरमनने उंदीर झाले म्हणून ट्रे साफ करताना ती तार उचलून पुन्हा ठेवली होती. यादी, ड्राइव्ह, ट्रे आणि वायरमन! एखाद्या रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणाइतके सगळे जमले होते.

वायरमन साठीच्या घरातला, कंत्राटावरचा; सगळे त्यांना ‘मामा’ म्हणत. ते पॅनेलच्या दाराशी उभे होते. मॅनेजर मला म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा, अशा तारा शेजारी ठेवतात का?" आता, शिकविणाऱ्या माणसाला कोणी ‘तुम्हीच सांगा’ म्हटले म्हणजे त्याची काय अवस्था होते हे शिकविणारेच जाणोत. मी विद्युत्प्रवर्तनावर दहा मिनिटे बोललो. फॅरडेपासून सुरुवात केली. शेजारच्या तारेत बदलता प्रवाह असला की ह्या तारेत काय उमटते, अंतर वाढले की ते कसे घटते, पीळ घातल्याने ते कसे कमी होते व संपूर्णपणे का जात नाही, हे मी एका कागदावर आकृतीसह काढून दाखविले. त्यात एकही विधान चुकीचे नव्हते. मॅनेजर मामांकडे वळून म्हणाले, "ऐकलं का मामा? प्रोफेसरसाहेबही तेच म्हणतात." आणि मग माझ्याकडे पाहून, जणू मला बरे वाटावे म्हणून, त्यांनी सांगितले की एक तारखेपासून दुसरा माणूस पाहिला आहे.

मामांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. ते एवढेच म्हणाले, "साहेब, चार महिनं तार तितंच हुती. म्या उचलली, झाडलं, आन् तितंच ठिवली."

हे वाक्य मी ऐकले. त्याचा अर्थही मला कळला. तरी त्यावर थांबावे असे मला वाटले नाही, कारण माझे स्पष्टीकरण पुरे झाले होते.

येथे थोडे विषयांतर करतो. अटलांटिक महासागराच्या तळाशी घातलेली पहिली तार १८५८ सालच्या ऑगस्टमध्ये जोडली गेली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचावयास सुमारे सोळा तास लागले, आणि तीन-चार आठवड्यांत ती तार कायमची मुकी झाली. कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस ह्याने ती बोलती करण्यासाठी सुमारे दोन हजार व्होल्टांचा मारा केला होता. तेव्हा तार त्याने मारली, हे ठरून गेले व त्याला काढून टाकण्यात आले. त्याचे करणे शहाणपणाचे होते असे कोणीच म्हणणार नाही. परंतु ती तार घाईत बनविलेली होती, तिच्या आवरणात दोष होते, उन्हात पडून राहिल्याने ती खराब झाली होती. व्हाइटहाउसने हात लावला नसता तरी ती फार दिवस जगली नसती, असे पुढे अभ्यासकांनी म्हटले आहे. मी ही हकिकत दर वर्षी वर्गात सांगतो. मुलांना ती आवडते. ‘दोष’ ह्या शब्दाचा मराठीत बिघाड असाही अर्थ आहे आणि अपराध असाही, त्यामुळे एकाचा शोध लागला की दुसऱ्याचाही लागल्यासारखे वाटते, हे भाष्यही मी त्याला जोडतो. लोणंदला त्या दुपारी मला ना व्हाइटहाउस आठवला, ना माझे भाष्य.

थांबला तो माझा विद्यार्थी. चहा आला होता, त्याने कप तसाच ठेवला आणि मामांना विचारले, "मामा, नक्की तिथंच होती? ट्रेच्या ह्याच बाजूला?" मामा म्हणाले, ट्रेला तारेचा वळ उमटला आहे, बघा. तो शिडी लावून वर चढला. चार महिन्यांच्या धुळीत तारेच्या रुंदीची एक स्वच्छ रेघ उमटलेली होती, आणि तार बरोबर त्या रेघेवर होती.

खाली उतरल्यावर त्याने जे केले ते मला फार आवडले. त्याने मॅनेजरांकडून अर्ध्या तासाची मुदत मागून घेतली आणि साऱ्या ओळीची वीज बंद केली. मॉडबसची पंधराही उपकरणे मुकी झाली. मग त्याने मल्टीमीटर घेऊन ओळीच्या दोन वायरींमधला रोध मोजला.

ह्या मोजण्याचे मर्म असे. लांब तारेतून धावणारा ठोका शेवटास पोहोचला की परत फिरतो. दोरीचे टोक भिंतीला बांधून झटका दिला म्हणजे लाट परत येते, तसा. तो तेथेच जिरावा म्हणून ओळीच्या दोन टोकांस एकशेवीस ओहमांचा एकेक रोध लावतात. दोनशे मीटरांच्या ओळीला आणि ह्या मंद गतीला प्रतिध्वनीचे फारसे भय नसते, पण रीत म्हणून लावतातच. दोन रोध समांतर, म्हणजे साठ ओहम. इतर किरकोळ भार धरून मीटरवर साठाच्या जरा खाली आकडा यावा. मीटरवर एकोणचाळीस आला.

साठाचे चाळीस झाले म्हणजे एकशेवीसचा तिसरा रोध कोठेतरी मध्ये लागला आहे. हा हिशेब बारावीचा मुलगा तोंडी करील. विद्यार्थ्याने ओळ मध्यावर सोडविली. एका अर्ध्यात एकशेवीसच्या आसपास आले, दुसऱ्यात साठाच्या खाली. त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग केले. अशा तीन-चार खेपांत तो कॉम्प्रेसरच्या खोलीतील पॅनेलपाशी आला, आणि तेथे थांबला. तेथे ते पंधरावे उपकरण होते, वीज मोजणारा एक मीटर. मामांनी ट्रे झाडला त्याच आठवड्यात, एका रात्री, विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने तो बसविला होता. मीटर काढून उलटा केला तर त्याच्या पाठीवर नखाएवढा एक स्विच होता. तो स्विच चालू असला की मीटरच्या आतला एकशेवीसचा रोध ओळीला लागतो. ओळीच्या टोकाला बसविणाऱ्याची सोय व्हावी म्हणून बनविणाऱ्याने ती ठेवली होती. स्विच चालूच आलेला होता, आणि बसविणाऱ्याने पाठ पाहिली नव्हती.

मग कॉम्प्रेसरचा काय संबंध? तो मला विद्यार्थ्याने समजावून सांगितला, आणि मी तो निमूटपणे ऐकला. कोणीच बोलत नसते तेव्हा त्या दोन वायरी मोकळ्या सोडून चालत नाही. ऐकणाऱ्याला हे मौन आहे असे नक्की कळावे म्हणून त्यांच्यात थोडासा ताण राखावा लागतो. दोनशे मिलिव्होल्टांच्या वर फरक असला तर ऐकणाऱ्याला खात्री वाटते. ह्या ओळीवर साठ ओहमांना तो फरक दोनशेदहाच्या आसपास राही, म्हणजे जेमतेम. चाळीस ओहम होताच तो एकशेचाळीसच्या घरात आला. आता शांतता ही शांतताच आहे की कोणी काही म्हणते आहे, हे ऐकणाऱ्याला ठरविता येईना. कॉम्प्रेसर बंद असेतो ते निभावून जाई. तो सुरू झाला की त्याचा गोंगाट त्या पातळ झालेल्या मौनात शिरे, त्याचे एखादे भलते अक्षर खऱ्या वाक्याच्या पुढे चिकटे, आणि ताळा चुके. शेजारच्या केबलचा दोष होताच. पण चार महिने तो पचत होता.

तो एकोणचाळीसचा आकडा पाहताना माझ्या डोळ्यांपुढे दुसरेच एक यंत्र उभे राहिले, हे सांगितले पाहिजे. मी नोकरीस लागलो त्या सुमारास प्रयोगशाळेतील एक गॅल्व्हनोमीटर जळला होता. आदल्या संध्याकाळी प्रयोगाची मांडणी प्रयोगशाळेच्या शिपायाने उचलून ठेवली होती. तेव्हा त्यानेच काही उलटसुलट जोडले, असे मी सांगितले, आणि फुटतुटीच्या वहीत त्याच्या नावावर तशी नोंद झाली. त्या काळच्या त्याच्या पगाराच्या मानाने ती रक्कम लहान नव्हती. वर्षभराने जुन्या कागदांत मला माझ्याच हातची त्या दिवसाची आकृती सापडली. तीत शंट दाखविलेला नव्हता. मी तो कागद फाडला नाही, आणि कोणाला दाखविलाही नाही. तो माणूस पुढे नऊ वर्षे मला रोज सकाळी नमस्कार करीत होता. निवृत्त होऊन तो आपल्या गावी गेला, आणि काही वर्षांनी तो वारल्याचे कळले. माझ्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच की, त्यानंतर मी शंटवाचून आकृती काढली नाही.

स्विच बंद केला, मीटर पुन्हा बसविला. ओहममीटर अठ्ठावन्न दाखवू लागला. वीज दिली. पंधराही उपकरणे एकामागून एक बोलू लागली. मग कॉम्प्रेसर मुद्दाम थांबवून पुन्हा सुरू करावयाचा. पण अमोनियाचा मोठा कॉम्प्रेसर पंख्यासारखा उघडझाप करता येत नाही, मध्ये बराच वेळ जाऊ द्यावा लागतो. त्यामुळे संध्याकाळपर्यंत पाच वेळाच तो सुरू झाला. एकदाही रेघा आल्या नाहीत. विद्यार्थी म्हणाला, पाच पुरेसे नाहीत, दोन दिवस पाहू. तो ‘अचूक’ आहे असे मी लिहिले होते ते आता मागे घ्यावयास हवे. पण त्याच्या जागी कोणता शब्द घालावा हे मला चटकन सुचले नाही.

मॅनेजरांना तो सरळ जाऊन म्हणाला, "चूक माझी होती. मीटर मी लावला, स्विच मी पाहिला नाही." मॅनेजरांनी क्षणभर विचार केला. मग माझ्या कागदावरील आकृतीकडे बोट दाखवून, "म्हणजे हे चूक?" असे विचारले. मी म्हणालो, चूक नाही. पण बिघाड तेथे नव्हता. विद्यार्थी म्हणाला की तारेसाठी वेगळा ट्रे करावयास हवाच. तो पहिल्याच दिवशी नकाशात दाखविणे हे त्याचे काम होते, म्हणून त्याचा खर्च तो घेईल. मॅनेजर मनाने वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या डोक्यावर टँकर उभे होते. एक तारखेविषयी मात्र ते काही बोलले नाहीत.

निघण्यापूर्वी मी मामांना शोधीत कॉम्प्रेसरच्या खोलीत गेलो. ते पॅनेलचे दार पुसत होते. मला जे सांगावयाचे होते ते मी वाटेत मनाशी नीट जुळविले होते. दुपारी मी जे बोललो ते घाईने बोललो, तुमचे म्हणणे खरे होते, ते मी ऐकावयास हवे होते, अशी दोन-तीन वाक्ये. ती मी म्हटली. इतक्यात कॉम्प्रेसर सहाव्यांदा सुरू झाला. मामांनी कानामागे हात धरून "काय म्हनला, साहेब?" असे विचारले, आणि मला ते सारे दुसऱ्यांदा, जवळजवळ ओरडून, सांगावे लागले. मॅनेजर तेव्हा दाराशीच उभे होते.